करंगळीचा साचा

कात्रीबाईंना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात घरातलं कापण्यासारखं सगळं त्यांनी कापून टाकलं होतं. जुन्या चादरींची फडकी झाली, फडक्यांची आणखी छोटी फडकी झाली, पडदे दोनदा आखूड झाले. शेजारीण एकदा सहज म्हणाली, कुंपणाचं झुडूप फार माजलंय हो. दुसऱ्या दिवशी ते झुडूप शाळेच्या पहिल्या दिवशी निघालेल्या मुलासारखं भांग पाडून उभं होतं. एकतीस वर्षं हातमोज्यांच्या कारखान्यात, कापणी विभागात काढलेली बाई ती. वेल्डिंगवाल्यांचे जाड मोजे, काचकामाचे, माळीकामाचे. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकाबाहेर कुणी वापरलं नाही. कारखान्यात कात्रीबाई, गल्लीत कात्रीबाई, आणि मुलाचं लग्न ठरलं तेव्हा व्याह्यांनीसुद्धा पहिल्याच भेटीत "नमस्कार, कात्रीबाई" म्हणून टाकलं.

मुलगा गोलकीपर. चौदा वर्षं पगारी फुटबॉल खेळला. चेंडू हाताला चिकटायचा म्हणून डिंक्या हे नाव पडलं. शेवटच्या दोन हंगामांत चेंडू चिकटेनासा झाला, नाव मात्र चिकटून राहिलं. क्लबने निरोपाला भिंतीवरचं एक घड्याळ दिलं, ते पाच मिनिटं पुढे जायचं. "बघ, क्लबलासुद्धा तुला घालवायची घाई होती," असं त्याची बायको म्हणाली, पण डोळे पुसत म्हणाली. नंतर काही महिने त्याने लहान मुलांना शिकवून पाहिलं. जमलं नाही. मुलं चुकली की हा ओरडायचं सोडून त्यांची समजूत घालत बसे, आणि समजूत घालून मिळतेय म्हटल्यावर मुलं अधिकच उत्साहाने चुकत.

मग एका सकाळी तो पोतंभर जुने हातमोजे घेऊन स्वयंपाकघरात आला आणि ते पोतं त्याने ओट्यावर रिकामं केलं.

"आई, मला हातमोजे करायचेत."

"थंडी वाजतेय का?"

"गोलकीपरचे गं. धंदा म्हणून. आपले, आपण शिवलेले."

कात्रीबाईंनी चहाचं भांडं बाजूला सरकवलं. एक मोजा उचलला, हुंगला, नाक मुरडलं, उलटा केला आणि डॉक्टर जीभ बघतो तशी त्याची शिवण बघितली. मग दुसरा. मग तिसरा.

"कुणी कापलेत हे? करंगळीला एवढी जागा कशाला ठेवलीय? हिच्यात आणखी एक करंगळी पाहुणी म्हणून येऊन राहील."

"सगळ्या कंपन्यांचे असेच असतात."

"असणारच. कंपनीचा साचा असतो, आणि तो हात जगात कुणाचाच नसतो." हे बोलताना त्यांचा आवाज चढला, कारण हे भांडण जुनं होतं. कारखान्यात फोरमन म्हणायचा, मोजा वापरला की हाताला सवय होते. कात्रीबाई म्हणायच्या, हाताने का सवय करून घ्यायची? हात आधी होता की मोजा? एकतीस वर्षांत एकदाही फोरमनला याचं उत्तर सुचलं नाही आणि एकदाही साचा बदलला नाही. "आपण खऱ्या हातावरून कापू," त्या म्हणाल्या. "जिवंत माणसाच्या."

दारात सून उभी होती. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. समोरच्याला आधी एका डोळ्याने आणि मग दुसऱ्या डोळ्याने वाचायला लावायची सवय असल्याने ती घरातही कुणाचं म्हणणं एकदाच ऐकून निर्णय देत नसे. तिने नवऱ्याकडे बघितलं, सासूकडे बघितलं, पुन्हा नवऱ्याकडे बघितलं.

"एक वर्ष," ती म्हणाली. "घर माझ्या पगारावर चालेल, मी चकार शब्द काढणार नाही. वर्षभरात दुसऱ्या कुणी तुझे मोजे घालून सामना खेळायचं कबूल केलं, तर ठीक. नाहीतर बाबांच्या दुकानात."

बाबांचं, म्हणजे व्याह्यांचं, न्हाणीघराच्या फरशांचं दुकान होतं. जावयासाठी त्यांनी एक टेबल कधीचं रिकामं ठेवलं होतं आणि त्यावर 'विक्री प्रमुख' अशी पितळी पाटीसुद्धा. जावई भेटायला गेला की ते बोलता बोलता रुमालाने ती पाटी पुसत. माणूस मनाचा चांगला, पण फिकट निळ्या आणि त्याहून फिकट निळ्या फरशीतला फरक सांगायला लागला की थांबत नसे.

डिंक्या कबूल झाला. कात्रीबाई तर त्याच्याही आधी कबूल झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी डबा भरला, पदर खोचला, अंगणातून बारा पावलं चालत गॅरेजपर्यंत गेल्या आणि कामावर रुजू झाल्या. चार वर्षांनी त्यांना पाठीत ती ओळखीची कळ आली आणि त्यांना फार बरं वाटलं.

साच्यासाठी हात लागतो. कात्रीबाई फोनवर बॉबिनमावशीला बोलावण्यात गुंतल्या होत्या, म्हणून डिंक्याने आपला हात आपणच कागदावर ठेवला आणि भोवतीने पेन्सिल फिरवली. पेन्सिल उजव्या हातात, म्हणजे कागदावर उतरला तो डावा. डाव्या हाताची करंगळी टोकाकडे जरा बाहेर पळालेली होती. पंधरा वर्षांपूर्वी न्हाणीघराच्या दारात चिमटली होती म्हणे. त्या दारावर कात्रीबाईंचा इतका राग, की सुतार बोलावून त्यांनी त्याची कड तासून घेतली होती आणि वर खाचेत फडक्याची घडी कोंबून ठेवली होती. एवढं सगळं असून कागदावरची ती करंगळी त्यांना खटकली नाही. आईचं बघणं असंच असतं. मुलाचा हात तिने पहिल्या दिवशी पाहिलेला असतो, तोच तिला दिसतो. नंतरचं वाकडंतिकडं ती मनातल्या मनात सरळ करून घेते. डोळ्याने सरळ करून घेतलं, आणि कात्री मात्र इमानदारीत रेघेवरून चालली. दोऱ्याइतकाही फरक नाही. मग पुठ्ठा उलटा करून उजवा हात कापला, कारण एक हात मिळाला की तो उलटून दुसरा करायचा, ही कारखान्याची रीत. त्याच साच्यावरून एक लहान माप काढलं, एक मोठं.

बॉबिनमावशी म्हणजे कात्रीबाईंची कारखान्यातली जोडीदारीण. आकाराने बुटकी आणि गोल, तोंडाने सतत फिरती. हिने कापायचं आणि तिने शिवायचं, असं दोघींचं एकतीस वर्षं चाललेलं. ती आपलं मशीन हातगाडीवर घालून आली आणि येताना उशीही घेऊन आली.

"कात्रे, मी एका अटीवर शिवीन. बाहेर कुणाला दाखवायचं नाही. मोठ्या कंपन्यांची माणसं टपून असतात, नक्कल करतात."

"आपल्या गॅरेजवर कोण टपून बसणार गं?"

"तेच तर. दिसत नाहीत, म्हणून तर भीती."

त्यामुळे पुढचे अकरा महिने मोजे चढले ते एकाच माणसाच्या हातावर. तळव्याच्या फोमचे नऊ प्रकार झाले. अंगणात जुनी गादी टाकून डिंक्या तिच्यावर सूर मारायचा, सून दुकानातून आली की पर्स न ठेवता त्याच्याकडे चेंडू लाथाडायची, कात्रीबाई पाण्याची झारी घेऊन त्याचे तळवे ओले करायच्या. शेजारीण कुंपणावरून बघत राहायची. तिने आताशा झुडुपाबद्दल बोलणं सोडलं होतं.

पहिली पुरी जोडी त्याने हातात घातली. डावा हात उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"आई, करंगळी घरी आल्यासारखी वाटतेय. चौदा वर्षांत पहिल्यांदा."

कात्रीबाईंनी उगाचच टेबलावरचे फोमचे तुकडे गोळा केले.

"उजवा जरा चावतोय."

"नवा आहे. फोम सुटला की बसेल."

"नव्या चपलेलासुद्धा आपण चार दिवस देतो," बॉबिनमावशी म्हणाली.

सुनेने दोन्ही मोजे दिव्याखाली धरले, एका डोळ्याने बघितले, मग दुसऱ्या डोळ्याने. "टाके एकदम सरळ आहेत," असं तिने जाहीर केलं, आणि ते खरंच होतं.

वर्ष संपायला चार दिवस उरले असताना डिंक्याच्या अर्जावर लीगचं बोलावणं आलं. सोळा संघांच्या गोलकीपरांना येत्या हंगामात लीगतर्फेच मोजे मिळणार होते. सकाळी डिंक्याचे मोजे घालून चाचणी, दुपारी एका मोठ्या कंपनीचे. निवडीचं काम शिट्टीसाहेबांकडे. हे पूर्वी पंच होते, आता सामानप्रमुख. पंचगिरी सोडून सहा वर्षं झाली तरी शिट्टी गळ्यात तशीच. एका अंतिम सामन्यात यांनी डिंक्याविरुद्ध पेनल्टी दिली होती. ती पेनल्टी होती की नव्हती, यावर घरात अजून मतभेद नव्हता.

मैदानात कोवळं ऊन पसरलं होतं. कात्रीबाई आणि बॉबिनमावशी कडेच्या बाकावर बसल्या. सुनेने रजा काढली होती. सगळ्यांना ठाऊक होतं, की आज जमलं नाही तर डिंक्या फरशांमध्ये जाणार आणि कात्रीबाई परत पडद्यांकडे. डिंक्या गोलच्या मागे येरझारा घालत होता, बाळंतिणीच्या खोलीबाहेर घालाव्यात तशा.

पहिला अर्धा तास स्वप्नासारखा गेला. फटक्यामागून फटके येत होते आणि चेंडू तळव्याला लागला की 'चप्प' आवाज करून तिथेच बसत होता. शिट्टीसाहेब प्रत्येकाच्या नावाच्या गुणपत्रकावर खुणा करत होते. पकड, शिवण, मनगटाची पट्टी. बॉबिनमावशी प्रत्येक 'चप्प'ला कात्रीबाईंच्या मांडीवर थाप मारत होती. मांडी लाल झाली असणार.

मग लीगच्या फोटोवाल्याने सोळाही जणांना एका रांगेत उभं केलं. "हात वर! तळवे माझ्याकडे! असेच!"

बत्तीस पंजे वर गेले. बॉबिनमावशीची थाप हवेतच थांबली.

"अगं कात्रे, हे सगळे करंगळी काढून का उभे आहेत? पाहुण्यांच्या घरी चहाचा कप धरल्यासारखे?"

कात्रीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. रांगेतला सगळ्यात उंच आणि वयाने सगळ्यात लहान गोलकीपर, ज्याला सगळे शिडी म्हणत होते, तो तेवढ्यात कुरकुरलाच. "साहेब, पकड झकास आहे, पण करंगळी आत बसत नाही. मोज्याची करंगळी घर सोडून चाललीय." रांगेत हशा पिकला. मग एकेकाला कंठ फुटला. माझीपण. माझ्या दोन्ही. मला वाटलं माझाच हात सुजलाय.

टोकाकडे जरा बाहेर पळालेली ती करंगळी कात्रीबाईंनी कुठेतरी पाहिली होती. कुठे म्हणजे काय, रोज जेवताना ताटाच्या कडेला पाहिली होती. उन्हात बत्तीस वेळा त्यांच्या मुलाचं एकच बोट उभं होतं.

"बॉबिन," त्या हळूच म्हणाल्या, "आपण डिंक्याचं मोडकं बोट कापलंय. दोन्ही हातांना. तिन्ही मापांत."

"मी शिवलंय," बॉबिनमावशी म्हणाली. तिच्या आयुष्यातलं ते सगळ्यात छोटं वाक्य असावं.

"आणि मी उजेडात धरून तपासलंय," सून म्हणाली. "दिवसाला चाळीस जणांचे डोळे तपासते मी." आणि तिने स्वतःचे डोळे हाताने झाकून घेतले.

गोलच्या मागे डिंक्या आपलाच डावा हात तोंडासमोर धरून उभा होता, पहिल्यांदाच भेट झाल्यासारखा.

शिट्टीसाहेब बाकाकडे आले. "काय प्रकार आहे हा?"

कात्रीबाई उठल्या. "चूक आहे, साहेब. माझी आहे. मुलाच्या हातावरून साचा केला आणि त्याचं बोट वाकडं आहे हे विसरले."

"हात माझा आहे," डिंक्या धावत येत म्हणाला. "कागदावर मीच ठेवला. आईचं काही नाही यात."

"तू मध्ये बोलू नकोस."

"अगं, पण हात माझाच आहे ना?"

"शांत!" शिट्टीसाहेबांचा हात सवयीने शिट्टीकडे गेला. "कुणाची चूक याला गुणपत्रकात रकाना नाही. मोजे बसत नाहीत, एवढं पुरे. काढा रे सगळ्यांनी. दुपारी दुसरे येतील."

पंधरा जण मोजे काढायला लागले. सोळावा काढेना. हा रांगेतला सगळ्यात वयस्क, एकेचाळीस वर्षांचा. त्याला लीगमध्ये आजोबा म्हणायचे. त्याने उजवी मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली.

"उजवा मी देणार नाही," आजोबा म्हणाला. "डावा घ्या, डावा चावतो. उजवा असा बसलाय की काय सांगू! एवढ्या कंपन्या झाल्या, कुणाला माझी करंगळी सापडली नव्हती." त्याने मोजा काढून हात दाखवला. करंगळी टोकाकडे बाहेर पळालेली. मग तो रांगेकडे वळला. "लाजता काय? दाखवा की आपापली. ज्याची दहाही बोटं सरळ असतील त्याने पुढे या."

पुढे एकटा शिडी आला.

"तुझं वय किती?"

"एकोणीस."

"होतील, होतील. धीर धर."

मोजे गळून पडले होते आणि कात्रीबाईंच्या समोर ते हात उघडे होते. कुणाचं मधलं बोट सांध्याशी लिंबाएवढं, कुणाची अनामिका करंगळीच्या अंगावर रेललेली, कुणाचा अंगठा मागे झुकलेला, जणू कुणाला तरी हाक मारतोय. जगात नसलेल्या एका हातासाठी त्या एकतीस वर्षं कापत आल्या होत्या. आणि हे खरे हात. एकही दुसऱ्यासारखा नाही. कात्रीबाईंची बोटं शिवशिवायला लागली.

त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली. कागद कुठे आहे? शिट्टीसाहेबांच्या हातातली गुणपत्रकांची फळी त्यांनी अशी काही घेतली, की आपण ती दिली असंच साहेबांना क्षणभर वाटलं.

"अहो, माझी गुणपत्रकं!"

"मागची बाजू कोरी आहे." बाकावर पत्रक उलटं टाकून कात्रीबाई आजोबाला म्हणाल्या, "ठेव रे हात. बोटं ताणू नकोस. रोज असतो तसा राहू दे."

"आधी डावा की उजवा?"

"दोन्ही. उलटंपालटं करायची रीत आजपासून बंद."

तेवढ्यात रांग लागली. कुणी लावली नाही, लागली. बॉबिनमावशी दुसऱ्या टोकाला बसून थांबलेली जीभ परत कामाला लावत प्रत्येकाचं नाव आणि बोटाची कैफियत कागदाच्या कडेला लिहू लागली. सून गुडघे टेकून कागद धरत होती. वाऱ्याने उडू पाहणाऱ्या हातांवर डिंक्या चेंडू ठेवत होता.

"हे कुठे मोडलं रे?"

"उपांत्य सामन्यात, काकू. फटका थेट टोकावर आला."

"मग घरी आई काय म्हणाली?"

"आईला कशाला सांगतोय? दार लागलं म्हटलं."

पुढचा आला. त्याची अनामिका. "आम्हीपण दारच सांगितलं. गाडीचं."

"माझं कपाटाचं."

"आम्ही खिडकी सांगितली," शेवटून कुणीतरी ओरडलं, "आमच्याकडे दार हलकं आहे."

कात्रीबाईंची पेन्सिल चौथ्या हाताच्या अंगठ्याशी थांबली. त्यांनी हळूहळू मान वर केली आणि मुलाकडे बघितलं. डिंक्या तीन पावलं मागे सरकला होता.

"दार?" त्या म्हणाल्या.

"आई, दुसऱ्या दिवशी निवड होती गं. तू जाऊ दिलं नसतंस. मी पट्टी बांधली आणि..."

"सुतार आणून तासलं मी ते दार! पंधरा वर्षं येता-जाता त्याला बोलतेय मी! पाहुण्यांना सांगितलं, जपून, हे दार खुनशी आहे!"

रांगेतले सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. सोळा थोराड पुरुष, आणि सगळे आठ वर्षांचे झालेले.

"इकडे ये," कात्रीबाई म्हणाल्या. डिंक्या आला. त्यांनी त्याचा डावा हात हातात घेतला आणि ते बोट सांध्यापासून नखापर्यंत सावकाश बघितलं, जसं आहे तसं, सरळ न करता. वाकडं होतं. चांगलंच वाकडं होतं.

"दुखतं का?"

"थंडीत जरासं."

"तर मग अस्तर जाड पाहिजे तिथे," त्या म्हणाल्या, आणि त्याचा हात सोडायला विसरून पुढच्याला म्हणाल्या, "ठेव रे."

सोळाजणांचे बत्तीस हात उतरेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. शिट्टीसाहेब बाजूला उभे राहून आपली गुणपत्रकं एकामागून एक पंजे होताना बघत होते. शेवटी त्यांनी घसा साफ केला.

"बाई, ही पत्रकं मला कचेरीत द्यायची आहेत."

"देते ना. कापून झाली की देते."

"केव्हा?"

"तीन आठवड्यांत."

"आणि तोवर मी निकाल कशावरून लावू?"

उत्तर आजोबाने दिलं. "साहेब, निकाल आत्ता लावा. दुपारी त्या कंपनीचे मोजे येतील, ते चांगलेच असतील. सगळ्यांना सारखेच वाईट बसतील. ते कुणाला हवेत आणि कात्रीकाकूंचे कुणाला, विचारा की."

"नियमाप्रमाणे सगळ्यांना एकसारखं सामान लागतं."

"आम्ही कुठे एकसारखे आहोत?"

शिट्टीसाहेबांनी रांगेकडे बघितलं. पंच असताना माणूस निर्णय देण्याआधी एक पाऊल मागे घेतो, तसं त्यांनी एक पाऊल मागे घेतलं. "तीन आठवडे थांबायची कुणाची तयारी आहे? हात वर."

हात वर गेले. कुणाचं बोट पूर्वेला, कुणाचं पश्चिमेला, पण वर सगळे. शिडीचे तर दोन्ही गेले.

"एकच धर," शिट्टीसाहेब म्हणाले. डिंक्याकडे न बघता त्यांनी खिसे चाचपले. गुणपत्रकं संपली होती. मोठ्या कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक तेवढं हाताला लागलं. ते पालथं घालून त्यांनी त्यावर लिहिलं: सोळा जोड्या, पहिल्या सामन्याआधी एक आठवडा, ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे. सही केली. कागद डिंक्याला देताना म्हणाले, "ती पेनल्टी होती."

"नव्हती, साहेब," डिंक्या आनंदाने म्हणाला.

सुनेने मैदानातूनच वडिलांना फोन लावला. व्याह्यांचा आवाज फोनमधून बाकापर्यंत ऐकू यायचा.

"मग मी त्या पाटीचं काय करू आता?"

"तुम्हीच बसा की त्या टेबलाशी, बाबा."

"मी मालक आहे! मी विक्री प्रमुख कसा होऊ?" मग जरा थांबून, "जावईबापू खूश आहेत का पण?"

सुनेने वळून बघितलं. नवरा मैदानाच्या मध्यभागी बॉबिनमावशीला उचलून गोल फिरवत होता आणि मावशी त्याला शिव्या घालत होती. "ठीक दिसताहेत," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी घर हातांनी भरून गेलं. गॅरेजच्या टेबलावर बत्तीस पंजे मावेनात, म्हणून कात्रीबाईंनी ते पलंगावर, सोफ्यावर, फ्रिजवर, दिवाणखान्याच्या फरशीवर जोडीजोडीने मांडले आणि पंखा लावायला सगळ्यांना बंदी केली. जेवायला चौघांना जिन्याच्या पायऱ्यांवर बसावं लागलं. कुणाच्या करंगळीला किती आणि कुठे कड ठेवायची यावर कात्रीबाईंचं आणि बॉबिनमावशीचं असं जुंपलं, की ऐकणाऱ्याला कारखाना पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटावं. सुनेने नवा नियम केला: यापुढे प्रत्येक जोडी ती तपासणार, पण टाके बघून नाही, हात बघून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दाराची बेल वाजली. दारात वाकून शिडी उभा.

"काकू, अंगठा परवा सरावात मुरगळला होता, काल सुजलेलाच उतरवलात तुम्ही. रात्री बर्फ लावला. आज बघा, गेली सूज. परत काढाल का?"

कात्रीबाईंनी त्याचा अंगठा चिमटीत धरून बघितला. खरंच उतरली होती.

"म्हणजे आता दर आठवड्याला तुमचे हात बदलणार?"

"बदलणारच गं, आई," आतून तोंडात ब्रश धरून डिंक्या म्हणाला. "म्हणून तर परत परत येतील."

कात्रीबाईंनी कपाळाला हात लावला, पण पेन्सिल आधीच अंबाड्यातून बाहेर आली होती.

"ये आत," त्या शिडीला म्हणाल्या. "आणि पाय जपून टाक. उजवीकडे आजोबाचा हात मांडून ठेवलाय."